वाचकांचे प्रश्न: ग्रीस सावरलं म्हणतात, मग किंमत कुणी मोजली?

मागच्या अंकात ग्रीसवर एक लेख दिला होता, कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला देश पंधरा वर्षांत परत कसा उभा राहिला याच्यावर, आणि त्यानंतर एवढी पत्रं आली, एवढे व्हॉट्सॲप आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. सोलापुरात बसून ग्रीसचं काय करायचंय असं कुणाला वाटेल, पण पत्रं वाचली की कळतं, मिल बंद पडणं म्हणजे काय, पगार थकणं म्हणजे काय आणि शिकलेलं पोरगं पुण्याला नाहीतर हैदराबादला गेलं की घर कसं रिकामं होतं हे या गावाला कुणी शिकवायला नको. तसा देशही लहानच आहे, लोकसंख्या एक कोटी पाच लाखाच्या आसपास, म्हणजे २०११च्या जनगणनेतला आपला जिल्हा जवळपास अडीच वेळा घेतला की झाला ग्रीस. नावं कुणाचीच छापत नाही, फक्त गाव-भाग देतोय.

प्रश्न: सर, ग्रीसचे लोक आळशी, सरकारी पैशावर मजा मारत होते म्हणून देश बुडाला असं एका व्हिडिओत बघितलं. आमच्या क्लासमध्ये पण सगळे हेच म्हणतात. खरं काय आहे? (बी.कॉम.चा विद्यार्थी, जुळे सोलापूर)

नाही बाळा, हे खरं नाही. वर्षाला माणूस किती तास काम करतो याची यादी काढली तर ग्रीक माणूस युरोपात वरच्या नंबरात येतो, जर्मन माणसापेक्षा कितीतरी जास्त तास राबतो. गडबड लोकांच्या कामात नव्हती, हिशोबात होती. २००१ला ग्रीस युरोमध्ये गेला आणि एका रात्रीत त्याला जर्मनीच्या जवळपासच्या व्याजदरात कर्ज मिळायला लागलं. आधी ज्याला कुणी स्वस्तात उधार देत नव्हतं त्याच्या दारात बँका रांगा लावून उभ्या राहिल्या, मग सरकारं आलटून पालटून कर्ज काढत राहिली, आपल्या माणसांना नोकऱ्या देत राहिली, २००४चं ऑलिंपिक पण झालं, आणि तिकडं श्रीमंत माणूस टॅक्स भरतोय का नाही हे बघायला कुणाला वेळ नव्हता.

मग ऑक्टोबर २००९ला निवडणूक झाली, जॉर्ज पापान्द्रेऊ पंतप्रधान झाले आणि त्यांच्या सरकारनं जाहीर केलं की आधीच्यांनी वर्षाची सरकारी तूट देशाच्या उत्पन्नाच्या सहा टक्क्यांच्या आसपास सांगितली होती ती खरी १२.७ टक्के आहे. युरोचा नियम तीन टक्क्यांचा. पुढे नीट तपासल्यावर तो आकडा १५ टक्क्यांच्या वर गेला. बाजाराचा विश्वासच उडाला, व्याज चढत गेलं, आणि २३ एप्रिल २०१०ला पापान्द्रेऊंनी कास्टेलोरिझो नावाच्या एका छोट्या बेटावरनं, मागं निळा समुद्र आणि रंगीत घरं, टीव्हीवर सांगितलं की आम्हाला मदत पाहिजे. मे महिन्यात ११० अब्ज युरोचं पहिलं पॅकेज ठरलं, देणारे युरो वापरणारे देश आणि आयएमएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, आणि अटींवर नजर ठेवणारे तिघं, युरोपियन कमिशन, युरोपियन सेंट्रल बँक आणि आयएमएफ.

आता तू कॉमर्सचा आहेस म्हणून तुला एक माणूस सांगतो, याचं नाव वहीत लिहून ठेव. आंद्रेआस जॉर्जिऊ. २०१०ला हा ग्रीसच्या आकडेवारी खात्याचा प्रमुख झाला, त्याआधी आयएमएफमध्ये होता. त्यानं युरोपच्या नियमाप्रमाणे तुटीचा खरा आकडा काढला आणि युरोपच्या आकडेवारी संस्थेनं तो मान्य पण केला. आणि याचं बक्षीस काय मिळालं तर तूट फुगवून दाखवली, देशाचं नुकसान केलं असा खटला. खोटे आकडे देणारे बाजूला राहिले आणि खरा आकडा देणारा वर्षानुवर्षं कोर्टात. मोठ्या आरोपातनं सुटका व्हायची की परत ते उकरून काढायचे, असं कितीतरी वेळा झालं, आणि शेवटी २०१७ला एका बारक्या मुद्द्यावर, आकडे आधी बोर्डापुढे मताला टाकले नाहीत म्हणून, दोन वर्षांची स्थगित शिक्षा दिली. आकडा काय मतदान घेऊन ठरवतात का? २०२३ला युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं सांगितलं की या माणसाला न्याय्य खटला मिळाला नाही.

मला विचारशील तर ग्रीसची सगळी गोष्ट इथं आहे. सरकार कुठल्या पक्षाचं, डावं का उजवं, हे नंतर. आधी तिजोरीत किती आहे आणि देणं किती आहे हे लोकांना खरं सांगायची हिंमत पुढाऱ्यात आहे का, हे बघायचं.

प्रश्न: १९९१ला आपल्यावर पण अशीच वेळ आली होती, नरसिंह राव आणि मनमोहन सिंगांनी रुपया पाडला आणि दोन वर्षांत गाडी रुळावर आली. ग्रीसनं तेच का केलं नाही? आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे, डॉलर वाढला की आम्हाला बरं पडतं म्हणून विचारतोय. (एक कारखानदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी)

शेठ, तुम्ही बरोबर नसेवर बोट ठेवलंय. ९१ला आपल्याकडे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले होते, ४७ टन सोनं इंग्लंड आणि जपानकडे ठेवावं लागलं, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोन टप्प्यात रुपया पाडला, डॉलर २१ रुपयांवरनं २६च्या घरात गेला. तुमच्यासारख्याच्या दृष्टीनं त्याचा अर्थ काय, तर तोच टॉवेल, तीच मजुरी, तोच सुताचा भाव, पण डॉलरमागं हातात जास्त रुपये. ग्राहकाला स्वस्त दिलं तरी परवडतंय. कामगाराच्या पगारपत्रकाला हात न लावता देशाचा माल स्वस्त झाला. महागाईतनं त्याची झळ लोकांना बसली नाही असं नाही, पण ती सगळ्यांना थोडी थोडी बसली.

ग्रीसकडे पाडायला नाणंच नव्हतं. ३४०.७५ द्राख्माला एक युरो या दरानं त्यांनी आपलं चलन कायमचं सोडलं होतं. युरोचं काय करायचं हे फ्रँकफुर्टला, युरोपियन सेंट्रल बँकेत ठरतं, अथेन्सला नाही. मग माल स्वस्त करायला एकच रस्ता उरला, माणूस स्वस्त करायचा. फेब्रुवारी २०१२ला किमान पगार ७५१ युरोवरनं ५८६ केला, २२ टक्के कपात, आणि २५च्या आतल्या पोरांना तर ३२ टक्के, म्हणजे ५११.

आणि यात एक मोठी मेख आहे. पगार कापला तरी घराचा हप्ता तेवढाच राहतो. दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटतं पण त्याचं बँकेचं कर्ज तेवढंच राहतं. सरकारचं पण तसंच, धंदा आटला की टॅक्स आटतो, कर्ज मात्र जिथल्या तिथं, म्हणून एवढी काटकसर करून पण उत्पन्नाच्या मानानं कर्ज वाढतच गेलं. देशाचं उत्पन्न जवळपास एक चतुर्थांशानं घटलं. चार मागातला एक माग बंद पडला असं समजा, पण अख्ख्या देशाचा. बेकारी २०१३ला २७ टक्क्यांच्या वर आणि तरुणांमध्ये तर साठ टक्क्यांच्या जवळ. त्याच वर्षी आयएमएफचे मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार यांनी अभ्यास काढून मान्य केलं की कपातीनं अर्थव्यवस्था किती आटते याचा अंदाज कमी धरला गेला होता. कागदावरचा अंदाज कमी धरला आणि इकडं माणसांची उमेदीची वर्षं गेली, हे मला अजून पचत नाही.

अजून एक गोष्ट, ही मदत म्हणून जो पैसा गेला तो ग्रीक माणसाच्या हातात पडला असं समजू नका. त्यातला बराचसा जुन्या कर्जाचे हप्ते, व्याज आणि बँका सावरण्यात गेला, आणि ग्रीसला आधी उधार देऊन बसलेल्या जर्मन-फ्रेंच बँकांना तोपर्यंत अंग काढून घ्यायला वेळ मिळाला. मार्च २०१२ला कुठं खासगी सावकारांनी मुद्दलात ५३.५ टक्के सोडले. हेच २०१०ला पहिल्याच फटक्यात केलं असतं तर पुढचे बरेच हाल वाचले असते असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: मी मिलचा जुना कामगार. मिल गेली, हक्काचे पैसे मिळायला किती वर्षं गेली ते आमचं आम्हाला माहीत. आता हजार-बाराशे पेन्शन येतंय. तिकडं पेन्शन कापलं म्हणता, मग म्हातारी माणसं गप कशी बसली ओ? (भवानी पेठ)

काका, गप बसली नाहीत. अथेन्सला संसदेसमोर सिंटाग्मा नावाचा मोठा चौक आहे, तिथं वर्षानुवर्षं मोर्चे चालले, संप किती झाले मोजदाद नाही, अश्रुधूर तर रोजचाच. ५ मे २०१०च्या मोर्चात कुणीतरी एका बँकेवर पेट्रोल बॉम्ब टाकला आणि आत काम करणारी तीन माणसं गुदमरून मेली, त्यात एक गरोदर बाई होती. मोर्चा ज्या कपातीच्या विरोधात होता ती थांबली नाही आणि तिघं जिवानिशी गेले.

पेन्शन एकदा नाही कापलं, हप्त्याहप्त्यानं कापत गेले. आधी वर्षाला चौदा पेन्शन मिळायची, म्हणजे बारा महिन्यांची बारा आणि सणासुदीला नि सुट्टीला मिळून दोन जास्तीची, ती दोन गेली. मग मूळ रकमेला कात्री, परत कात्री. वरनं २०११ला घरपट्टीसारखा एक नवा टॅक्स आणला आणि तो वसूल कसा करायचा तर लाईट बिलात लावून! टॅक्स थकला की लाईट कट. ज्या घरात कमावतं कुणी नाही, पोरगा बेकार, सून बेकार, तिथं पण घर स्वतःचं आहे म्हणून बिलात शेकडो युरो वाढून आले. तुम्हीच विचार करा, थंडीच्या दिवसात असं बिल हातात पडल्यावर त्या घरात काय झालं असेल.

आणि काका, पेन्शनचं महत्त्व तुम्हाला मी काय सांगायचं. त्या काळात ग्रीसमध्ये हजारो घरं आजी-आजोबांच्या पेन्शनवर चालली, तीन पिढ्या एका पेन्शनवर. म्हणजे सरकार म्हणतंय आम्ही म्हाताऱ्यांचं कापलं पण ताट उपाशी राहिलं ते नातवाचं. चर्चनं आणि शेजारपाजारच्या लोकांनी जेवणाची केंद्रं काढली, डॉक्टरांनी फुकट दवाखाने चालवले, कारण नोकरी गेली की सरकारी आरोग्य विमा पण जायचा. लोकांनी लोकांना धरून ठेवलं म्हणून तो देश टिकला, हे मी मनापासनं म्हणतो.

पेन्शनची व्यवस्था सुधारायला नको होती का? हवी होती, खूप भानगडी होत्या त्यात, कुठल्या धंद्याला लवकर निवृत्ती, कुणाला सवलत. पण सुरुवात कुठनं केली याला महत्त्व आहे. स्वित्झर्लंडच्या बँकेत खाती असलेल्या जवळपास दोन हजार ग्रीक माणसांची यादी २०१०लाच फ्रान्सनं ग्रीक सरकारला दिली होती. ती यादी फायलीत पडून राहिली. २०१२ला एका पत्रकारानं, कोस्तास वाक्सेवानिसनं, ती छापली तर अटक त्यालाच झाली! पुढे तो निर्दोष सुटला. म्हणजे म्हातारीच्या पेन्शनला कात्री लावायला दोन आठवडे आणि या यादीला हात लावायला वर्षं. सुधारणा म्हटलं की सामान्य माणसाच्या पोटात गोळा का येतो त्याचं कारण हे आहे.

प्रश्न: आमच्या दोन गाड्या आहेत, हैदराबाद लाईनला चालतात. ग्रीसमध्ये ट्रकवाल्यांनी मोठा संप केला होता असं लेखात एका ओळीत होतं, काय भानगड होती? (ट्रान्सपोर्टवाले, बाळे)

भारी भानगड होती. तिकडं १९७०च्या दशकापासनं मालवाहतुकीची नवी लायसन्सच काढली नव्हती. ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडेच. नवीन माणसाला गाडी टाकायची तर जुन्याकडनं लायसन्स विकत घ्यायचं आणि त्याचा भाव गाडीच्या कितीतरी पट, लाखात युरो. मग भाडं महाग, माल महाग, आणि पैसे गिऱ्हाईकाच्या खिशातनं. २०१०च्या उन्हाळ्यात सरकार म्हणालं हे उघडणार, कुणीही लायसन्स काढा. झालं, ऐन पर्यटनाच्या सीझनमध्ये संप, पंपावर पेट्रोल संपलं, टुरिस्ट अडकले, सरकारनं शेवटी आणीबाणीचा हुकूम काढून ड्रायव्हरना कामावर बोलावलं आणि लष्कराच्या गाड्या रस्त्यावर आणल्या.

सुधारणा बरोबर होती असं मला वाटतं, नव्या पोराला धंद्यात पाय ठेवायला जागा पाहिजेच. पण दुसरी बाजू पण बघा, ज्या माणसानं दोन वर्षांपूर्वी घर गहाण टाकून ते लायसन्स घेतलं त्याचं काय? कायद्यानं त्याला थोडा मधला काळ दिला पण त्याचे पैसे बुडाले ते बुडालेच. तुम्ही तुमच्या दोन गाड्यांचे हप्ते डोळ्यासमोर आणा म्हणजे तो माणूस रस्त्यावर का उतरला ते कळेल.

प्रश्न: ग्रीसचे तेव्हाचे पंतप्रधान त्सिप्रास यांनी २०१५ला कर्जाच्या अटींवर लोकांचं मत घेतलं, लोक "नाही" म्हणाले, आणि आठवड्यात त्यांनी "हो"ची सही केली. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. मुलांनी विचारलं की मॅडम मग मत घेतलं कशाला, तर मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही काय म्हणाल? (एक शिक्षिका, बार्शी)

ताई, या प्रश्नावर मी चार दिवस विचार करतोय. आधी काय घडलं ते नीट लावून घेऊ म्हणजे मुलांना पण सांगता येईल.

पहिलं पॅकेज २०१०ला पापान्द्रेऊंनी घेतलं तेव्हा विरोधात कोण होतं, तर अँटोनिस समारास. त्यांच्या पक्षानं विरोधात मत दिलं. २०१२ला तेच पंतप्रधान झाले आणि १३० अब्जाचं दुसरं पॅकेज त्यांनीच राबवलं. या दोन्हीच्या विरोधात कोण, तर अलेक्सिस त्सिप्रास, चाळिशीतला तरुण डावा पुढारी. जानेवारी २०१५ला लोकांनी त्याला भरभरून मतं दिली कारण बाकीचे दोन्ही पक्ष बघून झाले होते, पापान्द्रेऊंचा पक्ष तर २००९च्या ४४ टक्क्यांवरनं २०१५ला पाचच्या खाली आला होता. आणि तिसरं पॅकेज कुणी घेतलं? त्सिप्रासनी. म्हणजे तिघं वेगवेगळ्या पक्षांचे, तिघांनीही सहीच केली.

आता २०१५चा जून. पाच महिने बोलणी चालली, वारुफाकिस अर्थमंत्री होते, काही जमेना. २६ जूनच्या रात्री त्सिप्रासनी जनमत जाहीर केलं, ५ जुलैला मतदान, म्हणजे जेमतेम आठवडा हातात. २८ तारखेला बँका बंद. एटीएममधनं दिवसाला ६० युरो, त्यापेक्षा जास्त नाही, पुढे नोटांच्या तुटवड्यानं प्रत्यक्षात ५०च निघायचे. ज्या म्हाताऱ्यांकडे कार्ड नव्हतं त्यांच्यासाठी काही शाखा उघडल्या, तिथं पहाटेपासनं गर्दी, दारात ढकलाढकली. अशा आठवड्यात लोकांनी मतदान केलं आणि ६१ टक्के लोक नाही म्हणाले. भीती दाखवूनसुद्धा नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी वारुफाकिस यांचा राजीनामा, आणि १३ जुलैच्या सकाळी ब्रसेल्सला रात्रभर, जवळपास सतरा तास चाललेल्या बैठकीनंतर त्सिप्रासनी मान्य केलं, ८६ अब्जापर्यंतचं पॅकेज, अटी आधीपेक्षा कडक. त्या वेळी जर्मनीचे अर्थमंत्री शॉएब्ले यांनी तर ग्रीसनं पाच वर्षं युरोतनं बाहेर जावं असा पर्याय टेबलावर ठेवला होता. बँका रिकाम्या, नवं चलन छापायची कसलीही तयारी नाही, औषधं-इंधन आयातीवर. त्या रात्री नाही म्हणाले असते तर सोमवारी देश उघडला असता का, मला शंका आहे.

मग फसवणूक झाली का? माझं मत असं की चूक १३ जुलैच्या सहीत नाही, ५ जुलैच्या प्रश्नात आहे. मतपत्रिकेवर एवढंच विचारलं की या प्रस्तावाला हो का नाही. नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी बँका कशा उघडणार, युरोत राहायचं का बाहेर पडायचं, हे लोकांना सांगितलंच नाही, उलट नाही म्हणा म्हणजे चांगला सौदा आणता येईल असं सांगितलं. लोकांवर निर्णय टाकायचा तर निर्णयाला लागणारी सगळी माहिती पण द्यायला पाहिजे. ती न देता मत घेणं हे लोकांवर विश्वास ठेवणं नाही. पापान्द्रेऊंनी २०११लाच दुसऱ्या पॅकेजवर जनमत घ्यायचं म्हटलं होतं, तेव्हा हातात वेळ होता, पण युरोपातले मोठे पुढारी खवळले, स्वतःच्याच पक्षातले फिरले, आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या जागी पापादेमोस, युरोपियन सेंट्रल बँकेचे माजी उपाध्यक्ष, कुणी निवडून न दिलेला माणूस पंतप्रधान. ते जनमत व्हायला पाहिजे होतं.

पण एक गोष्ट त्सिप्रासच्या बाजूनं मुलांना नक्की सांगा. ऑगस्टला त्यांनी राजीनामा दिला, सही केलेला करार हातात घेऊन सप्टेंबरात परत निवडणुकीला उभे राहिले, आणि या वेळी काही लपवलेलं नव्हतं, कपात होणार हे सगळ्यांना माहीत होतं, तरी ३५ टक्के मतं घेऊन परत आले. त्यानंतर त्यांनी नावडतं काम गुपचूप तीन वर्षं केलं, २० ऑगस्ट २०१८ला ग्रीस पॅकेजमधनं बाहेर पडला, आणि २०१९ला जाण्याआधी किमान पगार ५८६वरनं ६५० केला, तरुणांचा वेगळा कमी पगार रद्द केला. लोकांनी त्यांना जुलै २०१९ला घरी बसवलं, तोही लोकांचा हक्क. मुलांना म्हणावं मत घेतलं कशाला याचं उत्तर एका रविवारी मिळत नाही, पुढच्या दोन निवडणुका पण बघा.

प्रश्न: करवसुली सुधारली म्हणता ती कशी? आपल्याकडच्या जीएसटीसारखं काही? (टॅक्स प्रॅक्टिस करणारे, नवी पेठ)

काही गोष्टी तशाच. २०१०च्या आसपास अथेन्सच्या उत्तरेकडच्या श्रीमंत भागात स्विमिंग पूल असल्याचं फक्त ३२४ लोकांनी कबूल केलं होतं, सॅटेलाईटच्या फोटोत मोजले तर १६,९७४ निघाले. खरी सुधारणा मात्र नंतर झाली. २०१५ला रोख पैसे मिळेनात म्हणून लोक नाइलाजानं कार्ड वापरायला लागले, आणि कार्डवर व्यवहार झाला की पावती आली, पावती आली की व्हॅट आला. २०१७पासनं करवसुलीसाठी स्वतंत्र प्राधिकरण काढलं, मंत्र्याच्या फोनवर फाईल हलणार नाही असं. आता कार्ड मशिन आणि दुकानाचं बिलिंग मशिन एकमेकाला जोडून थेट कर खात्याला जोडलंय. पेन्शनला कात्री लावण्याआधी हे झालं असतं तर! पण यंत्रणा उभी करायला वर्षं लागतात आणि कात्री चालवायला एक अध्यादेश पुरतो, म्हणून अडचणीत आलेलं प्रत्येक सरकार आधी कात्रीकडं हात नेतं.

प्रश्न: मग आता ग्रीस सुधारला का नाही, एका वाक्यात सांगा. (शेळगी)

एका वाक्यात होत नाही ओ. २०१९पासनं किरियाकोस मित्सोताकिस पंतप्रधान आहेत, २०२३ला परत निवडून आले. आयएमएफचं कर्ज २०२२ला मुदतीच्या दोन वर्षं आधी फेडलं, २०२३ला ग्रीसच्या बाँडला, म्हणजे सरकारी कर्जरोख्यांना, परत गुंतवणुकीच्या लायकीचा दर्जा मिळाला, कर्ज २०२०ला उत्पन्नाच्या २०० टक्क्यांच्या वर होतं ते २०२४ला १५५च्या आसपास आलं, बेकारी १० टक्क्यांच्या जवळ. किमान पगार २०२५ला ८८० युरो. ही कामगिरी आहे आणि तिला कामगिरी म्हणायला पाहिजे.

पण महागाई धरून बघितलं तर देशाचं उत्पन्न २००८च्या पातळीला अजून पोचलेलं नाही, पगारात काय विकत घेता येतं हे बघितलं तर युरोपियन युनियनमध्ये ग्रीस अजून तळाच्या देशांत आहे, अथेन्समध्ये भाडी परवडत नाहीत, आणि संकटाच्या काळात लाखो शिकलेली पोरं, डॉक्टर, इंजिनिअर, बाहेर गेली त्यातली बरीच परत आली नाहीत. पिरेउस बंदराचा बहुसंख्य हिस्सा चीनच्या कॉस्को कंपनीकडे, चौदा विमानतळ जर्मनीच्या फ्रापोर्टकडे. बंदर वाढलं, धंदा वाढला, हे पण खरं.

आणि २८ फेब्रुवारी २०२३. टेंपी इथं पॅसेंजर गाडी आणि मालगाडी एकाच रुळावर समोरासमोर, ५७ जण गेले, बरीच कॉलेजची पोरं होती, सुट्टीनंतर परत निघालेली. स्टेशनमास्तरनं गाडी चुकीच्या लाईनला घातली हे खरं, पण ती चूक पकडणारी सिग्नलची यंत्रणा? तिचं कंत्राट २०१४ला झालं होतं आणि नऊ वर्षांनी पण काम पूर्ण नव्हतं. कपातीच्या काळात रेल्वेची माणसं कमी केली, देखभाल कमी केली, गाड्या चालवणारी कंपनी २०१७ला ४५ मिलियन युरोला इटलीच्या रेल्वेला विकली, आणि रूळ-सिग्नल सरकारकडेच राहिले तसेच. दुसऱ्या वर्षदिनाला, २०२५च्या फेब्रुवारीत, शेकडो गावांतनं लोक रस्त्यावर उतरले. त्यांना कर्जाचा दर्जा सुधारल्याचं कौतुक सांगायला गेलं तर ते काय म्हणतील? ज्या सोलापुरात दिवसाकाठी एवढ्या गाड्या जातात तिथं हे वाचून कुणाच्याही अंगावर काटा येईल. हिशोब वहीत जुळला की सुधारणा पुरी झाली असं मी कधीच म्हणणार नाही, जोपर्यंत सिग्नल चालत नाही.

प्रश्न: माझा पुतण्या आयटीआय झालाय, एक एजंट म्हणतोय ग्रीसला हॉटेलात नाहीतर शेतावर काम लावून देतो, अडीच लाख मागतोय. पाठवावं का? (कुंभारी)

तिकडं माणसांची गरज आहे हे खरं. वर्षाला साडेतीन कोटींच्या वर पर्यटक येतात, शेतावर ऑलिव्ह आणि फळं काढायला माणूस मिळत नाही. पण वहिनी, पैसे देण्याआधी एवढं करा. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः बघा, त्यानं दाखवलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. नोंदलेल्या एजंटला किती फी घेता येते याची मर्यादा पण ठरलेली आहे आणि अडीच लाख त्याच्या कितीतरी वर आहे. कामाचं कंत्राट हातात, त्यात पगार, तास, राहायची सोय लिहिलेली पाहिजे, आणि व्हिसा कामाचा पाहिजे, टुरिस्टचा नको. पगार तिथल्या चालू किमान पगारापेक्षा कमी लिहिला असेल तर तिथंच थांबा. कागद आले की आम्हाला पाठवा, सही करायच्या आधी.